फ्युएल रेल आणि इंजेक्टर बसवताना ओ-रिंग सांभाळा

पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअपचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल फवारणारी तोंडे, बदलणे फारसे अवघड नाही. काम बिघडते ते बहुधा प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या आणि खालच्या टोकाला असलेल्या छोट्या रबरी ओ-रिंगपाशी. पुढील पद्धत इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांसाठीच आहे. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये दाब २००० बारपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे ते काम या पद्धतीने मुळीच करू नये.

इंजिन पूर्ण थंड असताना फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्यावे आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी. फ्युएल रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, एरवी साधारण ३ ते ४ बार दाब असतो. तो उतरल्यावरही आत पेट्रोल उरतेच, म्हणून जोड सैल करताना खाली कापड धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

जुने इंजेक्टर उपसण्याआधी त्यांच्या बुडाशी साचलेली माती हवेच्या झोताने उडवून टाकावी, नाहीतर ती थेट इनटेक व्हॉल्व्हवर पडते. इंजेक्टर निघाल्यावर खालच्या ओ-रिंगा मोजाव्यात. एखादी कमी भरली तर ती मॅनिफोल्डच्या भोकातच चिकटलेली असते, आणि तिच्यावर नवी बसवली तर जोड कधीच नीट बसत नाही.

ओ-रिंगा नेहमी नव्याच घ्याव्यात. काही इंजेक्टरांत वरच्या आणि खालच्या ओ-रिंगांचा रंग व रबर वेगळे असते. त्यांची अदलाबदल करू नये. प्रत्येकीला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. ग्रीस किंवा सिलिकॉन सीलंट लावू नये. आधी सर्व इंजेक्टर रेलमध्ये सरळ दाबून क्लिपा बसवाव्यात, नंतर अख्खी रेल मॅनिफोल्डवर धरून सर्व टोके भोकांसमोर आणावीत आणि दोन्ही तळव्यांनी सारखा दाब द्यावा. इंजेक्टर अडत असेल तर बोल्ट आवळून त्याला खाली खेचण्याचा मोह टाळावा, कारण तिरपी गेलेली ओ-रिंग भोकाच्या कडेवर सोलली जाते आणि नखाच्या कातरणाइतकी रबराची काळी चकती कडेला दिसते. ती दिसली तर रेल उचलून ओ-रिंग बदलावी, दुसरा उपाय नाही. नीट बसलेला इंजेक्टर बोटांनी थोडा फिरतो. बोल्ट आळीपाळीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याच्या जोराइतकेच) आवळावेत. ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात.

कनेक्टर व व्हॅक्यूमचे पाइप जोडून फ्युएल लाइन ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबावी आणि ओढून पाहावी. मग फ्यूज आणि बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता, किल्ली तीन वेळा ‘ऑन’वर नेऊन परत आणावी, दर वेळी पंप सुमारे दोन सेकंद चालून रेल भरतो. आता प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवावा आणि कुठेही ओल आढळली तर इंजिन चालू न करता दाब पुन्हा उतरवून तो जोड उघडावा. सर्व कोरडे असल्यास इंजिन चालू करावे. आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) खालीवर होत असेल तर खालच्या ओ-रिंगमधून हवा ओढली जात आहे का, हे आधी तपासावे. इंजिन तापल्यावर ते बंद करून कागदाची तपासणी आणखी एकदा करावी.