गुन्हा कबूल केल्यावर झालेल्या शिक्षेला आव्हान कसे द्यावे

‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात सर्रास दिला जातो. तो मानून गुन्हा कबूल केलेला माणूस पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतो, तेव्हा त्याला दुसरा, तितकाच चुकीचा सल्ला मिळतो: कबुली दिली आहे, आता काहीही होऊ शकत नाही. हे दोन्ही सल्ले ऐकून हक्क गमावलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत की हा मार्ग सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी अडथळा समजून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 नुसार (1 जुलै 2024 पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 375) आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरून सत्र न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने त्याला दोषी ठरवले, तर शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्याच मुद्द्यांवर अपील करता येते. मात्र ही मनाई खऱ्या कबुलीपुरती आहे. जी कबुली कायद्याच्या कसोटीवर कबुलीच ठरत नाही, तिच्या आधारे झालेल्या दोषसिद्धीविरुद्धचे अपील उच्च न्यायालयांनी वेळोवेळी ऐकून घेतले आहे. शिवाय कलम 438 आणि 442 खालील पुनरीक्षणाचा, म्हणजे वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल कायदेशीर आहे का हे तपासण्याचा, मार्ग खुला असतो. म्हणून अपिलातच पर्यायी विनंती लिहावी, की अपील चालण्याजोगे नाही असे न्यायालयाला वाटल्यास तोच अर्ज पुनरीक्षण म्हणून ऐकावा. शिक्षा प्ली बार्गेनिंगच्या (कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षा देण्याच्या कायदेशीर तडजोडीच्या) प्रकरणाखाली झाली असेल, तर मात्र कलम 295 प्रमाणे निकाल अंतिम असतो आणि रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयातील विशेष अनुमती याचिका एवढेच मार्ग उरतात.

निकालपत्र, दोषारोप, कबुलीची निशाणी (कबुली नोंदवलेला, क्रमांक दिलेला कागद) आणि संपूर्ण रोजनामा (खटल्याच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) यांच्या प्रमाणित नकलांसाठी लगेच अर्ज करा. सत्र न्यायालयातील अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयातील अपिलाला 60 आणि पुनरीक्षणाला 90 दिवसांची मुदत असते. नकला मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात आणि त्यानंतरच्या उशिरासाठी विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. आरोपी तुरुंगात असेल तर अपील कारागृह अधिकाऱ्यांमार्फत पाठवता येते आणि वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो.

खरी कसोटी पुढे लागते, ती अपिलाचे मुद्दे लिहिताना, आणि मलाही सर्वाधिक झगडावे लागले ते याच टप्प्यावर. बहुतेक अपिलांचा पहिला मुद्दा असा असतो: ‘आरोपीने असे म्हटलेच नव्हते.’ हा मुद्दा कृपा करून लिहू नका. स्टेट ऑफ महाराष्ट्र विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की न्यायालयात काय घडले याविषयीची न्यायाधीशांची नोंद अंतिम मानली जाईल, आणि ती चुकीची असल्याची तक्रार त्याच न्यायाधीशांपुढे, त्यांची आठवण ताजी असतानाच केली पाहिजे. त्यामुळे नोंद खरोखर खोटी असेल, तर आधी त्याच न्यायालयात तसा अर्ज द्या. अपिलात फक्त प्रतिज्ञापत्र जोडून नोंद खोटी ठरवू पाहणारा वकील अशिलाचा वेळ घालवतो, असे माझे ठाम मत आहे.

नोंदीशी भांडण्यापेक्षा नोंद बारकाईने वाचा. अनेकदा निशाणीवर छापील प्रश्न असतो, ‘गुन्हा कबूल आहे काय?’, त्यापुढे ‘होय’ एवढा एकच शब्द, खाली अंगठा, आणि आरोप समजावून सांगितल्याचा उल्लेख कुठेच नसतो. समन्स खटल्यात, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यात, कलम 275 प्रमाणे कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी लागते. याच आशयाच्या जुन्या तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सांगितले होते की ती बंधनकारक आहे आणि तिचा भंग झाल्यास खटलाच दूषित होतो. तुमच्या अपिलाचा पाया हाच असला पाहिजे.

त्यानंतर आरोपीचे शब्द गुन्ह्याच्या प्रत्येक घटकाशी ताडून पाहा. ‘गाडी माझीच होती, धडक बसली’ या वाक्यात बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा कुठे कबूल झाला? ‘मी मारलं, पण त्यानं आधी कोयता उगारला’ हे वाक्य तर खासगी बचावाचा हक्क सांगणारे आहे, आणि त्यावर गुन्हा कबूल असा शेरा मारून शिक्षा देणे उघड चूक आहे. कबुली मिळाली तरी तिच्यावरून दोषी ठरवणे न्यायालयाच्या विवेकावर असते. अजमल कसाबने 20 जुलै 2009 रोजी गुन्हा कबूल केला, तरीही मुंबईच्या विशेष न्यायालयाने खटला पुढे चालवला होता.

कमी शिक्षेचे आमिष दाखवून कबुली घेतली असेल तर ते लिहा, पण आधार रोजनाम्यातून द्या: दोषारोप आणि कबुली एकाच दिवशी झाली का, त्या दिवशी वकील हजर होता का, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने असाधारण सौम्य आहे का. कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य या 1980 च्या निकालात अशा सौद्यावर उभी राहिलेली दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या 1983 च्या प्रकाशित निकालात, आमिषाने कबुली घेऊन नंतर वरच्या न्यायालयात शिक्षा वाढवणे हे घटनेच्या अनुच्छेद 21 चे उल्लंघन ठरवले.

विनंती मात्र जपून करावी. कबुली रद्द झाल्यास खटला बहुधा दोषारोपाच्या टप्प्यावर परत पाठवला जातो. सरळ निर्दोष मुक्तता क्वचितच मिळते. पुन्हा खटला चालून दोष सिद्ध झाला, तर आधीपेक्षा मोठी शिक्षा होण्याचा धोका असतो, आणि तो अशिलाला समोर बसवून, मराठीत, पुराव्याचे कागद दाखवून सांगितल्याशिवाय अपिलावर त्याची सही घेऊ नये. साक्षीदार भक्कम असतील आणि तक्रार केवळ शिक्षेच्या प्रमाणाची असेल, तर कलम 416 ने मोकळ्या ठेवलेल्या मुद्द्यापुरतेच अपील करावे. कारावासाची शिक्षा असल्यास त्याच दिवशी कलम 430 खाली शिक्षेला स्थगितीचा अर्जही द्यावा, कारण अल्प मुदतीची शिक्षा अपील सुनावणीला येण्यापूर्वीच भोगून संपते.