ओटीपी न सांगताही पैसे जातात: फोनमधलं बँक खातं सुरक्षित कसं ठेवावं

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले, तरी खाती रिकामी होतच आहेत. माझ्या मामांनी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता. अनोळखी फोनही उचलला नव्हता. जेवून तासभर आडवे झाले आणि तेवढ्यात दोन वेळा मिळून ४८,००० रुपये गेले. ओटीपी त्यांच्या फोनमध्ये आला होता आणि फोनमधल्याच एका ॲपनं तो परस्पर पुढे धाडला होता.

त्यानंतर नात्यातले, सोसायटीतले, माहेरच्या गल्लीतले कितीतरी फोन मी घेऊन बसले आहे. ‘दर महिन्याला पासवर्ड बदला’ असा सल्ला कोणी दिला की मला आता राग येतो. महिन्याला पासवर्ड बदलायला लावलं की माणूस तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवतो. सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा फोनला, आणि तिकडेच कोणी बघत नाही.

आधी पटापट उरकायची कामं

नेटबँकिंगचा पासवर्ड बँक घेईल तेवढा लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द आणि मध्ये आकडे. तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. बँकेला दिलेल्या ईमेललाही वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

बँकेचा पत्ता गुगलवर शोधू नका, स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. ग्राहक सेवेचा नंबर मात्र कार्डाच्या मागचाच.

कार्डाचे परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी. २०२० पासून ही बटणं बँकेच्या ॲपमध्येच असतात.

आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाका. अंगठा लावून पैसे काढायची सोय आधारशी जोडलेल्या खात्याला असते आणि जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत. ठसा लागणार असेल तेव्हा तात्पुरता उघडता येतो.

यूपीआयला वेगळं खातं

याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. पेन्शन, पगार, ठेवी ज्या खात्यात आहेत ते खातं यूपीआयला जोडायचं नाही. भाजी, रिक्षा, लाइट बिल यासाठी दुसरं खातं उघडा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. ‘दोन-दोन पासबुकं कोण सांभाळणार’ असं मामी म्हणाल्या होत्या. आता त्याच इतरांना सांगतात.

‘एफडी सुरक्षित आहे’ यावरही विसंबू नका. बऱ्याच बँकांत एफडी नेटबँकिंगमधून मुदतीआधी मोडता येते, म्हणजे चोरालाही मोडता येते. ही सोय बंद करता येईल का, हे शाखेत जाऊन विचारा. ज्यांना नेटबँकिंग लागतच नाही, त्यांनी ते फक्त शिल्लक पाहण्यापुरतं ठेवावं.

फोन: इथे घाई करू नका

मामांच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच माणसाकडून लग्नपत्रिका आली होती. नंबर खरा, फोटो खरा, कारण त्या माणसाचाही फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला होता. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं होती. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असते. एपीके म्हणजे ॲप. हेच ॲप ट्रॅफिक चलनाच्या नावानं येतं, पीएम किसानच्या यादीच्या नावानं येतं, ‘लाइट कापणार’ म्हणूनही येतं. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि पत्रिका बघायच्या नादात माणूस ‘अनुमती द्या’वर बोट ठेवत जातो.

मी पोचले तेव्हा माझ्या हातून पहिली चूक झाली, ती आधी सांगते. मी मामांच्याच फोनवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला. मेसेज वाचणारं ॲप आत जिवंत होतं. बदलासाठी आलेला ओटीपी त्याच्याही हाती पडला आणि वीस मिनिटांत पुन्हा लॉगिन झाल्याचा मेसेज आला. संशयित फोनवरून पासवर्ड बदलणं म्हणजे चोर घरात असताना नवी किल्ली त्याच्यासमोर टेबलावर ठेवणं. फोन साफ होईपर्यंत त्यावर बँकेचं काहीही करू नका.

दुसरी अडचण, ते ॲप दिसतच नव्हतं. पडद्यावर चिन्ह नाही. सेटिंग्जमधल्या यादीत शोधताना एक ॲप ‘सिस्टिम अपडेट’ नावानं सापडलं, पण त्याचं ‘अनइन्स्टॉल’चं बटण राखाडी, दाबलंच जात नव्हतं. आणखी आत जाऊ लागले की सेटिंग्जचा पडदा आपोआप मिटायचा. तीनदा उघडला, तीनदा माझं बोट टेकायच्या आत मिटला. मामी शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, ‘अगं, त्याला दिसतंय का आपण काय करतोय ते?’ खरंच दिसत होतं. ॲक्सेसिबिलिटी ही सोय ज्यांना नीट दिसत नाही किंवा बोटं चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे. ती मिळालेल्या ॲपला पडदा वाचता येतो आणि आपल्या वतीनं बटणंही दाबता येतात.

तेव्हापासून मी हाच क्रम पाळते.

आधी सिम काढायचं आणि वायफाय बंद करायचं. सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये घाला. यापुढचे मेसेज तिथे येतील आणि तिथून ते चोरणारं कोणी नाही. त्याच फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या.

मग फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करायचा पर्याय दाबून धरला की तो विचारला जातो. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे पडदा मिटत नाही. आता सेटिंग्जच्या शोधखिडकीत ‘डिव्हाइस ॲडमिन’ (फोनवर जादा ताबा दिलेल्या ॲप्सची यादी) लिहा आणि त्या यादीतून अनोळखी ॲपचा हक्क काढा. राखाडी बटण जिवंत होतं, ॲप काढता येतं.

इथे थांबायचा मोह होतो. मीही एकदा थांबले होते आणि आठवड्यानं तोच फोन पुन्हा हाती आला. ॲपनं आणखी एक ॲप आणून ठेवलेलं होतं. म्हणून आता माझं ठाम मत आहे: एकदा एपीके आत शिरलं की फोन फॅक्टरी रीसेट करायचाच, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करायचा. फोटो आणि संपर्क काढून घ्या, बाकी सगळं जाऊ द्या. नंतर जुनी ॲप्स बॅकअपमधून परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक नव्यानं घ्या. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते त्यानंतर, किंवा लगेच बदलायचे तर घरातल्या दुसऱ्या स्वच्छ फोनवरून.

सिम परत घातल्यावर दोन ठिकाणी डोकवा. व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही असेल तर काढा. आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. कॉलवरून येणारा ओटीपी वळवायला चोर ते वापरतात. सरकारनं १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून कॉल वळवायची सोय थांबवायला लावली, पण फोनच्या सेटिंग्जमध्येही एकदा बघाच.

काही घडलेलं नसेल तरी आज तीन याद्या उघडा. मेसेज वाचायची परवानगी कोणाला आहे: मेसेजचं ॲप, बँक आणि यूपीआय ॲप एवढीच हवीत. टॉर्च, कॅलेंडर, खेळ यांना मेसेज कशाला हवेत? ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत तुम्ही स्वतः चालू केलेलं नाही असं काही असेल तर बंद. आणि ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करा’ या यादीत व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे ‘नाही’ हवं. मामांच्या फोनमध्ये हे शेवटचं बटण बंद असतं तर पत्रिकेवर बोट लागूनही काही झालं नसतं.

मोफत अँटिव्हायरसच्या भरवशावर राहू नका. प्ले स्टोअरमधली ॲप तपासणारी सोय, प्ले प्रोटेक्ट, चालू ठेवा. ते बंद करायला सांगणारं ॲप कोणाकडूनही आलेलं असो, नकोच.

सिम

सिमला पिन लावा, म्हणजे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. पण आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकला की फोन पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं जातं.

आजूबाजूच्या सगळ्यांना रेंज आहे आणि तुमचीच तासभर गायब आहे, तर टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की तुमच्या नावानं नवं सिम निघालंय का. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर मेसेज येत नाहीत, असा नियम आहे. तेवढ्या वेळात खातं थांबवता येतं. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं, तेही पाहून घ्या.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. घरात चर्चा, जावयाला विचारणं, उद्या बँकेत जाणं, हे सगळं नंतर. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत असतात आणि वाटेतच गोठवता आले तर मिळायची आशा असते. मामांची तक्रार चाळीस मिनिटांत नोंदली गेली. दुसऱ्या व्यवहारातली रक्कम अडकवता आली, पहिली निघून गेली होती. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवून बोला आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्या.

त्याच दिवशी बँकेला लेखी द्या. शाखेतला माणूस ‘तुम्हीच काहीतरी दाबलं असेल’ म्हणेल. मामांना त्यांच्या शाखेत हेच ऐकावं लागलं आणि ते मान खाली घालून परत आले, याचं मला अजून वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचा दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा चोरीत बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा ग्राहकाचा धरत नाहीत. आणि चूक ग्राहकाची ठरली तरी, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची.

अर्जात लिहा: ओटीपी, पिन, पासवर्ड कोणालाही दिलेला नाही, अमुक वाजता कळलं, अमुक वाजता १९३० ला आणि बँकेला कळवलं. दोन प्रती करा आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज ईमेलनं आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मामांच्या अर्जाला तेवढ्या सगळ्या कागदांनिशी एकोणतीस पानं झाली होती.