केमिकलच्या पाण्याचा नमुना हरित लवादात टिकेल असा कसा घ्यावा

ओढ्याला फेस आला, विहिरीच्या पाण्याला वास मारू लागला, की सल्ले सुरू होतात: निवेदन द्या, मोर्चा काढा, पेपरात बातमी लावा. मोर्चा जरूर काढा. पण हरित लवादाकडून, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडून, नुकसानभरपाई मिळवायची तर सगळं प्रकरण पाण्याच्या नमुन्यावर उभं राहतं, आणि तो नमुना कसा घ्यायचा हे नेमकं कोणी सांगत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोचपावती घ्या. त्याच दिवशी माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून कारखान्याच्या संमतीपत्राची (मंडळाने कारखान्याला दिलेल्या परवानगीची) प्रत आणि मागचे तपासणी अहवाल मागा.

ते संमतीपत्र नीट वाचा. कारखाना काय बनवतो ते त्यात असतं, आणि पाण्यात काय शोधायचं ते त्यावरूनच ठरतं. 'पाणी तपासून द्या' एवढंच सांगितलंत तर प्रयोगशाळा सामू (पीएच), क्षार, कठीणपणा तपासते आणि पाणी ठीक असल्याचा कागद हातात येतो. कीटकनाशकांचे अंश किंवा पीफाससारखी वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनं त्या चाचणीत दिसतच नाहीत. असा कागद पुढे तुमच्याच विरोधात वापरला जातो.

आता नमुना. माझं पहिलं प्रकरण इथेच बुडालं. मासे मरून वर आले होते, घाईत कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरलं आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं. समोरच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले: बाटलीत आधी काय होतं, आणि हे पाणी त्याच नाल्याचं कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गावाची दोन वर्षं वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा. पीफाससाठी ठरावीक प्लास्टिकची बाटली लागते, टेफ्लॉनचं झाकण अजिबात चालत नाही. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा नको. जड धातूंच्या बाटलीत आम्ल घालावं लागतं. ते प्रयोगशाळेवर सोडा. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, तुमच्या रसायनाच्या चाचणीसाठी ती आहे का ते विचारा.

एकाच जागेचा नमुना घेऊ नका. सांडपाणी ओढ्याला मिळतं त्याच्या वरच्या अंगाला एक, मिळतं तिथे एक, खाली एक. वरचं पाणी स्वच्छ निघालं तरच बोट कारखान्याकडे जातं. हातपंप असेल तर आधी पाच-दहा मिनिटं पाणी उपसून टाका.

सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर जागेवरच पंचनामा लिहा: तारीख, वेळ, जीपीएस, बाटलीचा क्रमांक. सील करून सह्या घ्या, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची नोंद प्रत्येक हाताला करा.

'खासगी अहवाल कोर्टात चालत नाही' असं ऐकवलं जाईल. जल कायदा 1974 खालच्या खटल्यात मंडळाने कलम 21 प्रमाणे घेतलेला नमुनाच लागतो, हे खरं. पण राष्ट्रीय हरित लवादाला पुराव्याच्या कायद्याची चौकट बांधून ठेवत नाही. तुमच्या अहवालावरून लवाद जागेवर पाहणी करणारी सरकारी यंत्रणांची संयुक्त समिती नेमू शकतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली याच लवादाच्या पुणे खंडपीठात गेली होती.

वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, हेल्पलाइन 15100. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्जदारांत त्यांची नावं पुढे ठेवा.

मुदत चुकवू नका. प्रदूषण थांबवण्याच्या अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं. सबळ कारण दाखवलं तर दोन्हीकडे आणखी 60 दिवस. भरपाई मागितली नाही तर शुल्क 1000 रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही.

समिती पाहणीला येईल त्या दिवशी पंचनाम्याची प्रत घेऊन हजर राहा आणि त्याच तीन जागा दाखवा.