खायच्या फुलांचे वावर आणि रविवारचे हात : नागपूर परिसरासाठी दसरा ते होळीचा सल्ला

नॅस्टर्शियम, कॅलेंडुला, पॅन्सी, कॉर्नफ्लॉवर या खायच्या फुलांना नागपूरकडचे हवामान मानवते ते दसऱ्यापासून होळीपर्यंतच. त्याआधी काळ्या जमिनीत पाय रुततो आणि त्यानंतर ऊन टिकू देत नाही. हिंगणा, कळमेश्वर, काटोल, सावनेर या बाजूंना पाच-दहा गुंठ्यांत फुला-पानांची लावणी करायची असेल, तर मनुष्यबळाचा विचार बियाण्याच्या आधी करा. शहर जवळ आहे, हौशी पोरं-पोरी आणि निवृत्त मंडळी सुटीच्या दिवशी श्रमदानाला यायला तयार आहेत, म्हणजे तोडणी फुकटात होईल, असे गणित मांडले जाते आणि ते इथेच फसते. स्वयंसेवक येतो रविवारी. धरमपेठ, सदर, वर्धा रोडवरच्या हॉटेलांना माल लागतो शुक्रवारी, कारण त्यांची गर्दी शनिवार-रविवारची. रविवारी तोडलेली पॅन्सी शुक्रवारी ताटात ठेवण्यासारखी उरत नाही.

म्हणून लावणीच दोन हिशेबांनी करा. नॅस्टर्शियम, पॅन्सी, बोराज, इटालियन बेसिल हे ताजे विकायचे. त्यांची तोड गुरुवारी-शुक्रवारी, मजुरी देऊन, सरावलेल्या बायांकडून. कॅलेंडुला, देशी गुलाब, गोकर्ण, लाल अंबाडी, पुदिना, गवती चहा हे वाळवता येते. ते रविवारच्या हातांसाठी ठेवा. पन्नास हात एका सकाळी आले तरी वाळवणीच्या मालाचे काही बिघडत नाही, आणि एखाद्या रविवारी कुणीच आले नाही तरी कॅलेंडुला दोन दिवस थांबते.

पेरणीचे वेळापत्रक असे ठेवा. नॅस्टर्शियमचे बी रात्रभर भिजवून ऑक्टोबरच्या मध्यापासून थेट वाफ्यात टोका, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. दोन महिन्यांत फूल लागते. याला खताचे लाड नकोत. नत्र जास्त झाले की पानेच पाने होतात आणि फूल शोधावे लागते. कॅलेंडुलाही साधारण तेवढाच वेळ घेते. रोपांत २५ ते ३० सेंमी अंतर ठेवा, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते आणि खायच्या फुलावर तोडणीच्या काळात गंधक मारायची सोय नाही. बोराजला सोटमूळ असते, त्याचे स्थलांतर टाळा. पॅन्सीचे बी गरम हवेत उगवत नाही, त्याला १५ ते २० अंश लागतात. तेव्हा दिवाळीनंतरच, प्रो-ट्रेमध्ये (रोपांच्या खाचांच्या ट्रेमध्ये), घरातल्या थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. अंकुर दिसला की उजेडात आणा. शहरातल्या रोपवाटिकेतून तयार पॅन्सी आणण्याचा मोह होतो. ती रोपे शोभेसाठी वाढवलेली असतात आणि त्यांना कोणते आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारे, औषध दिले हे विकणारालाही अनेकदा सांगता येत नाही. खाण्यासाठी रोप आपणच करायचे. बी घेतानाही गुलाबी किंवा निळा रंग चढवलेले, औषध चोळलेले नको.

काळ्या भारी जमिनीत एक मीटर रुंद, १५ ते २० सेंमी उंच गादीवाफे करा आणि ठिबक टाका. वरून पाणी मारले की पाकळ्यांवर माती उडते आणि अशी पाकळी धुतली की गेली. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो यांना ही जमीन मुळीच आवडत नाही. त्यांना मुरूम-वाळू मिसळलेला उंच वाफा किंवा सरळ कुंडी द्या, म्हणजे पावसाळ्यात उचलून आडोशाला नेता येतील. सांभार (कोथिंबीर), शेपू, पुदिना यांबद्दल तुम्हाला काय सांगायचे! फक्त पुदिना वेगळ्या हौदात कोंडा. मोकळा सोडला तर दोन वर्षांत तोच मालक होतो.

आता थोडी नाजूक गोष्ट. नैसर्गिक शेतीची आवड असलेल्या स्वयंसेवकांना सर्वांत आधी जीवामृत ढवळायचे असते. ढवळू द्या, पण ते फुलांवर फवारू देऊ नका. त्यात ताजे शेण असते आणि हे फूल शिजवले जात नाही, अनेकदा धुतलेही जात नाही. जीवामृत द्यायचे तर जमिनीतून आणि फुले लागण्याआधी. तोडणी सुरू झाली की बंद. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे आणि तपासलेले हवे. नाल्याचे पाणी येत असेल तर हे पीकच घेऊ नका.

मावा नॅस्टर्शियमवर हमखास येतो. रोज सकाळी शेंडे पाहा, भरलेला शेंडा खुडून टाका, पाण्याच्या झोताने धुवा. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीची पावडर, कळी धरण्याआधीपर्यंतच. कापूस किंवा हरभऱ्यावरचे औषध फुलांकडे वळवण्याचा विचारही नको, कारण त्या औषधाच्या लेबलवर हे पीक नाही आणि तोडणीपूर्वीचा सुरक्षित काळ त्यावरून ठरवता येत नाही. त्याहून मोठी डोकेदुखी शेजारच्या वावरातली आहे. वाऱ्याबरोबर येणारा फवारा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओळखत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, हे विदर्भात कुणाला नव्याने सांगायला नको. धुऱ्यालगत तुरीची किंवा नेपियर गवताची दाट ओळ ठेवा, फुलांचे वाफे तिथून शक्य तितके आत घ्या, आणि शेजाऱ्याला हात जोडून सांगा की फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन कर. फोन आला की त्या दिवशी स्वयंसेवकांना बोलवायचे नाही. फवारा आपल्या बाजूला आलाच, तर उमललेली सगळी फुले खुडून खड्ड्यात टाका. जीव हळहळतो, तरी विकू नका.

संत्र्याच्या बाबतीतही हेच. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत सुटतात, वास दरवळतो, आणि शहरातून आलेल्या माणसाला ती चहात टाकावीशी वाटतात. त्याच वेळी नव्या नवतीवर (कोवळ्या फुटीवर) सिला ही रस शोषणारी कीड येते म्हणून बागेत फवारे सुरू असतात. स्वतःची, न फवारलेली झाडे असतील तरच. शेजारच्या बागेतली नकोत.

स्वयंसेवकांचा पहिला रविवार कामाचा धरू नका, शिकवण्याचा धरा. वहीत नाव, फोन, कशाची ॲलर्जी आहे ते लिहून घ्या. कॅलेंडुला, झेंडू, शेवंती ही एकाच कुळातली. परागकणांनी ज्याला शिंका किंवा दमा होतो त्याला या वाफ्यात पाठवू नका, त्याला अंबाडीवर बसवा. गाजर गवतही त्याच कुळातले, आणि निंदणाला बसलेल्या नवख्याला त्याचे कोवळे रोप झेंडू-शेवंतीसारखे दिसते. तो गवत ठेवतो आणि रोप उपटतो. दोन्ही हातात धरून दाखवा. गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे घालूनच उपटायचे, उघड्या हातांना खाज सुटते.

मग विषारी फुलांची फेरी. प्रत्येक वावराच्या कुंपणाला काहीतरी असतेच: पिवळी कण्हेर, तांबडी कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी, कळलावी. सदाफुली औषधी म्हणून ओळखली जाते, पण ताटात ठेवायची नाही. शोभेचा गोड वाटाणा हाही फसवा, खायच्या वाटाण्याचे फूल चालते, याचे चालत नाही. तोडणीच्या वाफ्यांजवळ यातले काही ठेवूच नका, आणि नियम एकच सांगा: दाखवल्याशिवाय कुठलेही फूल तोंडात घालायचे नाही. शेतावर पूजेची फुले येत असतील तर तीही वेगळ्या टोपल्यात. सीताबर्डीच्या फूलबाजारातला गुलाब देवाला चालतो, गुलकंदाला नाही.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल, स्पष्ट बोलावे लागते. तो थुंकण्यापुरता प्रश्न नाही. तंबाखू चोळलेल्या बोटांवर त्याचा वास राहतो, नाजूक पाकळी तो वास उचलते, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू त्याच बोटांवरून टमाटर, मिरची, पिटुनिया यांच्यावर जाऊ शकतो. खर्रा, गुटखा, सिगारेट बाहेर ठेवायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे, नखे कापलेली. अत्तर नको, हाताला लावायचे सुगंधी क्रीम नको. ज्याला जुलाब किंवा ताप आहे तो आला तरी चहा पाजून परत पाठवा. नियम मजूर बायांना आणि पाहुण्यांना सारखाच लावा. एकाला सूट दिली की तो नियम राहत नाही.

तोडणी दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी. हिवाळ्यात इथे साधारण आठ ते दहा हा वेळ सापडतो. ओले फूल डब्यात काळे पडते. पूर्ण उमललेले, त्याच दिवशीचे फूल घ्या. उथळ क्रेट, तळाला ओलसर कागद, एकच थर. क्रेटवर तारीख, वाफ्याचा क्रमांक, तोडणाऱ्याचे नाव. पुढे तक्रार आली तर कुठे बघायचे हे कळते. नॅस्टर्शियम, पॅन्सी ४ ते ५ अंशांवर ठेवता येतात. बेसिल मात्र फ्रिजमध्ये कोंबू नका, १० अंशांखाली ते काळे पडते. ते पाण्यात देठ बुडवून सावलीत ठेवा. गुलाबाच्या पाकळीचे तळचे पांढरे टोक कडू असते, ते कापा. कॅलेंडुलाच्या फक्त पाकळ्या घ्यायच्या.

नोव्हेंबरचे रविवार अंबाडीचे. जूनमध्ये धुऱ्यावर लावलेली लाल अंबाडी आता बोंडावर येते. बोंडाचे मांसल दल काढून आतली बियांची गाठ बाजूला करणे हे रिकाम्या गप्पांत होणारे काम आहे, आणि नवख्याच्या हातून त्यात काही बिघडत नाही. सावलीत, जाळीवर, एक थर पसरून वाळवा. दहा किलो ओल्या दलांचे साधारण एक किलो होते, तेव्हा किंमत त्या मानाने ठरवा. गोकर्णही तोवर फुलत असतो, थंडी वाढली की मंदावतो. त्याचे फूल सकाळीच खुडून त्याच दिवशी जाळीवर घाला. वाळवून, पाकीट करून विकायचे असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून घ्या.

नागपुरात थंडीची काळजी कशाला, असे सांगणारे लोक मे महिन्याचा विचार करत असतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. डिसेंबर-जानेवारीत अंदाज पाहत राहा. १० अंशांखाली जाणार असेल तर संध्याकाळी हलके पाणी द्या आणि बेसिलवर क्रॉप कव्हर टाका, सकाळी काढा. फेब्रुवारीत गारपिटीचा इशारा आला तर उमललेले सगळे आधी तोडून घ्या.

घोणस थंडीतही फिरते, पालापाचोळ्याच्या ढिगात आणि दाट वेलीखाली बसते. हात घालण्याआधी काठीने हलवा, बंद बूट घाला, सँडलवर आलेल्याला वाफ्यात सोडू नका. दंश झाला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काही नाही. १०८ ला फोन आणि जिथे प्रतिविष आहे ते सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय, तिथून गरज पडली तर नागपूरचे मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. हा पत्ता आणि रस्ता शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काही जण महिनाभर राहायला येऊ इच्छितात. १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या 'वूफ' या पद्धतीत मुक्काम आणि जेवणाच्या बदल्यात दिवसाचे काही तास काम असते. घरी स्वच्छ खोली आणि संडास असेल तरच हो म्हणा. परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीकडे ऑनलाइन द्यावी लागते. कामाचे तास आधीच ठरवा, चार-पाच पुरेत.

आणि गावातल्या बायांची मजुरी कापून तिथे स्वयंसेवक बसवू नका. गाव दुखावते, आणि फेब्रुवारीत शहरातली मंडळी परीक्षा-लग्नांत गुंतली की तोडणीला कुणी मिळत नाही. पाहुण्यांना दुपारी भाकर, झुणका, ठेचा आणि जाताना पुदिन्याची जुडी द्या. हुरडा पार्टीच्या पाहुण्यांकडून मात्र काम मागू नका, ते पैसे देऊन खायला आलेले असतात, त्यांचे वाफ्यात फिरणेही आवरावे लागते.

फेब्रुवारीअखेर पारा चढला की नॅस्टर्शियमची पाने पिवळी पडतात. तेव्हा ठिबक कमी करा, चांगल्या वेलींवर खूण करून हिरव्या गाठी पिकू द्या, खाली पडलेले बी गोळा करून सावलीत वाळवा. कोवळे हिरवे बी लोणच्यात चालते, पेरायचे मात्र पूर्ण सुकलेले लागते. कॅलेंडुलाचेही बी तेव्हाच राखा. मोकळे झालेले वाफे नांगरू नका, तुराट्या-पऱ्हाट्यांचा भुसा पसरून झाका. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की त्याच जागी गोकर्ण आणि धुऱ्यावर लाल अंबाडी टाका.