निघायच्या आधीचे दिवस

मारहाण करणाऱ्या माणसाच्या घरातून मी दोनदा बाहेर पडले. पहिल्यांदा भांडणाच्या भरात, "बास झालं, मी चालले" असं तोंडावर सांगून. तिसऱ्या दिवशी परत गेले आणि त्यानंतर माझ्या प्रत्येक पावलावर पहारा बसला. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा घरात कुणाला चाहूलही लागली नाही. मधल्या पाच महिन्यांत जे उमगलं ते सांगते.

निघणार आहात हे त्याला सांगू नका. रडताना नाही, शेवटची संधी म्हणूनही नाही. बाई हातातून निसटतेय असं वाटलं की मारणारा माणूस जास्त घातक होतो. म्हणून निघण्याची वेळ आणि त्यानंतरचे काही महिने सगळ्यात जपायचे असतात.

जिवाला किती धोका आहे हे जोखण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक बाईंनी १९८५ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. मारहाण वाढत चालली आहे का? त्याच्याकडे बंदूक आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का? कधी गळा दाबला आहे का? शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' होतं. गळा दाबल्यावर बाहेरून वळ उठेलच असं नाही, पण आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. आवाज बसला, गिळताना दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा, "गळा दाबला." मी "घसा बसलाय" म्हणाले होते. तुम्ही तसं करू नका. आणि उत्तर 'हो' असेल तर माझ्यासारखी पाच महिने तयारी करत बसू नका. महिला मदत केंद्राशी लगेच बोला. वेळ आली तर नेसत्या कपड्यांनिशी निघा, कागद नंतर मिळतात.

माझा घात पहिल्यांदा फोनने केला. मैत्रिणीशी झालेलं सगळं बोलणं तो दुसऱ्या स्क्रीनवर वाचत होता, कारण माझं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपला जोडलेलं होतं. व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हायसेस' ही यादी उघडून बघा, ते आणखी कुठे जोडलंय हे तिथे दिसतं, पण घाईने काही काढून टाकू नका. अचानक सगळे पासवर्ड बदलले किंवा लोकेशन बंद केलं की संशय येतो. तो फोन नेहमीसारखाच वापरत राहा आणि निघण्याची बोलणी दुसऱ्याच्या फोनवरून करा. इन्कॉग्निटोवरही, म्हणजे काय शोधलं याची नोंद न ठेवणाऱ्या ब्राउझरच्या खिडकीवरही, विसंबू नका. फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप असेल तर त्याला सगळं दिसतं. मी मैत्रिणीच्या फोनवर नवीन ईमेल उघडला आणि ओळखपत्रं, मुलीचा जन्मदाखला, बँकेची कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, जखमांचे फोटो, सगळं तिथे ठेवलं. बॅगही तिच्याकडेच. घरात लपवलेली बॅग सापडते.

घरात हाणामारी सुरू झालीच तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळा, दाराच्या बाजूला सरका. मुलीला मी एवढंच शिकवलं होतं: मध्ये पडायचं नाही, शेजारी जायचं. निघण्याचा दिवस तिला सांगितला नव्हता. लहान मुलाला एवढं गुपित पेलत नाही. शेजारच्या काकूंशी एक वाक्य ठरवलं होतं, "तुमचं पुस्तक परत द्यायचंय." ते कानावर पडलं की त्यांनी पोलिसांना बोलवायचं.

मागच्या दाराची कडी करकरायची. रोज दुपारी मी तिला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालत होते आणि हळूच सरकवून बघत होते. आठव्या दिवशी आवाज थांबला. चप्पल त्या दाराशीच काढायची सवय लावली, म्हणजे त्या दिवशी वेगळं काही दिसणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो कामावर गेल्यावर मुलीचं दप्तर घेऊन निघालो, रोजच्याच वेळेला.

बाहेर पडल्यावर फोन बदला, निदान पासवर्ड तरी, तेही दुसऱ्या फोनवरून. मुलाच्या शाळेला लेखी कळवा की मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं आणि कुणाच्या नाही. दप्तर, खेळणी, गाडी यांत मागोवा घेणारं एखादं यंत्र नाही ना, तेही तपासा. येण्याजाण्याची वाट आणि वेळ बदला. राहिलेलं सामान आणायला एकटीने जाऊ नका. "एकदाच ये, बोलू" असा निरोप येतो, मलाही आला होता. पोलीस सोबत यायला तयार असतील तरच जा, नाहीतर सामान सोडा. माझं शिवणयंत्र अजून तिथेच आहे.