रेंज फुल, नेट गुल: निघायच्या आधीची तयारी

उद्या परतवाड्याकडच्या गावांत ड्राइव्ह टेस्टले, म्हणजे गाडीत फिरून मोबाइल नेटवर्क मोजाले, जायचं आहे ना, मग तयारी आज रात्रीच करजो भाऊ, सकाळी ड्रायव्हर हॉर्न मारत राहते अन् अर्धं सामान घरीच राहते. टेस्टचे दोन्ही फोन, लॅपटॉप, जीपीएस चार्ज कर, गाडीतला इन्व्हर्टर चालू करून पाय आणि एक दुपट्टा जास्तीचा घे, तुह्यासाठी नाही फोनसाठी, मे महिन्यात डॅशबोर्डवर फोन तापून लॉगिंग, म्हणजे मोजमापाची नोंद, बंद पडते, माझं पूर्ण दुपारचं लॉग असंच गेलं होतं.

मग नकाशावर सगळे सेल (टावरच्या एकेका अँटेनाचा इलाका) टाक, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा), दिशा, टिल्ट (अँटेना खाली किती झुकवला ते), पीसीआय (सेलचा ओळख नंबर) सगळं. टूजीत शेजारच्या सेलले वेगळं चॅनेल दिलं की भागत होतं, फोरजीत सगळे तोच कॅरिअर, म्हणजे तेच चॅनेल, वापरतात, म्हणजे मधात धुराच नाही, सेलच्या काठावर भांडण ठरलेलं. पीसीआय 504 च आहेत, फाइव्हजीत 1008, म्हणून नंबर परत परत वापरावेच लागतात. समोरासमोरच्या सेलच्या नंबरले 3 नं भाग, बाकी सारखी येत असेल तर त्यायचे ओळखीचे सिग्नल एकमेकांवर पडतात, तिथं लाल पेनानं गोल करजो.

चिखलदऱ्याच्या बाजूच्या साइटचा टिल्ट तर नक्की लिहून घे. ते पठार 1100 मीटरच्या आसपास, टिल्ट कमी पडला की सिग्नल घाट उतरून खालच्या वावरांत येऊन बसते. लोकायले रेंज फुल दिसते, आरएसआरपी (सिग्नलची ताकद) -85 डीबीएम, पण एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती साफ ते) शून्याच्या खाली, मग व्हिडिओ गोल गोल फिरत राहते. टायमिंग अॅडव्हान्स (फोन टावरपासून किती दूर ते सांगणारा आकडा) पाय, एक स्टेप साधारण 78 मीटरची, 150 च्या वर आकडा दिसला तर सिग्नल 11-12 किलोमीटरवरून येऊन राह्यला. पॉवर वाढवा म्हणून ऑफिसले फोन करू नको, त्यानं अजून बिघडते.

अपलिंक (फोनकडून टावरकडे) नॉइजचे आठवडाभराचे तासातासाचे आकडे आजच काढ आणि सोबत गावच्या फीडरचं लोडशेडिंगचं टाइमटेबल घे, हसू नको. रिकाम्या रिसोर्स ब्लॉकवर (चॅनेलच्या छोट्या तुकड्यावर) -118 डीबीएमच्या जवळपास पाहिजे, -100 दिसते आणि लाइट गेली की खाली येते, तर गावात कोणीतरी बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवायचा डबा, लावला आहे. तेव्हा तो शोधाले यागी अँटेना (एका दिशेचं सिग्नल पकडणारा) आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारं यंत्र) लागतेच. मले एकदा किराणा दुकानाच्या मागं तेलाच्या पिंपावर ठेवलेला डबा सापडला, दुकानदार म्हणे, "दादा, हे बंद केलं तर मले फोन कसा लागन?" बिनपरवाना बूस्टर बेकायदा आहे हे खरं, पण त्याच्या दुकानात कव्हरेज नव्हतंच, हेही खरंच. स्वतः वायर ओढू नको, फोटो अन् लोकेशन घेऊन रिपोर्ट कर.

2300 मेगाहर्ट्झच्या टीडीडी साइटवर (तिथं पाठवणं अन् घेणं एकाच चॅनेलवर आळीपाळीनं चालते) जीपीएसचा अलार्म आहे का तेवढं पाय, जीपीएसवर चालणारं घड्याळ सरकलं की एकाचं डाउनलिंक (टावरकडून फोनकडे) दुसऱ्याच्या अपलिंकवर पडते.

आणि गेटची चावी कोणाजवळ आहे ते आजच विचार, दिवाळीच्या वेळी चावीवाला पऱ्हाटीत कापूस वेचत होता अन् आम्ही दोन तास टावरखाली बसलो.