नातवंडाचं कन्फर्मेशन : डेन्मार्कात नव्याने आलेल्या आजी-आजोबांसाठी

मुलाने किंवा मुलीने डॅनिश घरात लग्न केलंय, नातवंड सातवी-आठवीत आहे आणि वसंतात त्याचं कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याला स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणण्याचा चर्चमधला विधी, आहे म्हणून तुम्ही आलात. दरवर्षी कोणी ना कोणी मला तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी धर्माचं, कारण 'म्हणजे नातवंड ख्रिस्ती होणार का?' असे पुण्याचे फोन तिथूनच सुरू होतात. इथलं राष्ट्रीय चर्च लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. कन्फर्मेशनला बाप्तिस्मा लागतो. लहानपणी झाला नसेल तर आधी तो करून घेतात. बाप्तिस्मा झाला की मूल चर्चचं सभासद होतं, हे खरं आहे. पण ते त्याने आणि त्याच्या आईबापांनी ठरवायचं. आपण विषय काढायचाच असेल तर आदल्या वर्षी काढावा, आदल्या आठवड्यात नाही. आपली मंडळी 'म्हणजे त्यांची मुंजच' म्हणतात, ते मला पटत नाही. आठ वर्षांच्या बटूला कोण विचारतं? इथे तेरा-चौदा वर्षांचं पोर हिवाळाभर पास्टरकडे शिकायला जातं, ठरलेल्या प्रार्थनांना बसतं आणि मग हो म्हणतं. वर्गातली काही नाहीही म्हणतात. त्यांतली कित्येक नुसती मेजवानी करतात, तिला 'नॉनफिर्मेशन' म्हणतात. १७३६ साली राजाने कन्फर्मेशन सक्तीचं केलं तेव्हा त्याशिवाय लग्नही लागत नसे. आता सक्ती गेली, हौस राहिली.

तारीख चर्च खूप आधी जाहीर करतं. जुने लोक अजून 'स्टोर बेडेडॅग'चा, म्हणजे मोठ्या प्रार्थनादिनाचा, शुक्रवार धरा म्हणून सांगतात. ती सुट्टी २०२४ पासून बंद झाली. सुनेला विचारून मगच तिकीट काढा, आणि व्हिसाचे ९० दिवस मोजा.

आता मुख्य गोष्ट. आमंत्रणावर ज्यांची नावं आहेत तेवढेच जायचं. पुन्हा सांगते: तेवढेच. खाली 'एस. यू.' आणि एक तारीख असते, म्हणजे त्या दिवसापर्यंत येणार की नाही ते कळवायचं. हॉलवाला माणशी ताटाचा दर लावतो, प्रत्येक खुर्चीसमोर नावाची चिठ्ठी असते आणि कोण कुठे बसणार यावर विहीणबाईंनी दोन-चार संध्याकाळी घालवलेल्या असतात. अशा एका समारंभात आपल्यातले एक आजोबा स्वीडनमधल्या माल्मोचा भाचा, त्याची बायको आणि दोन मुलं 'सहज' घेऊन आले. कोणी ब्र काढला नाही. डॅनिश माणूस तोंडावर बोलत नाही. चार जादा ताटांचं बिल मुलाने भरलं, टेबलं पुन्हा लावेपर्यंत सूप गार झालं, आणि व्याही आजही त्या आजोबांशी फक्त हवामानावर बोलतात. 'आपल्यात चालतं' हे इथे चालत नाही. वेळेचंही तेच: बारा म्हणजे बारा. उशिरा येऊन 'इंडियन टाइम' म्हणून हसणाऱ्यांसोबत गाडीत बसू नका.

नवरा-बायकोला मुद्दाम वेगळं बसवतात. चिठ्ठ्या बदलू नका. शेजारच्या काकूंशी बोला.

पाकिटात ५०१ घालायची आपली सवय. घाला हो, पण तो एक क्रोन भोकाचा, दोन आणि पाच क्रोनरच्या नाण्यांसारखाच! एकचं नाणं शोधावं लागतं, कारण इथे रोख कोणी बाळगतच नाही. घरात हजाराच्या नोटा जपून ठेवल्या असतील तर त्या पाकिटात घालू नका: ३१ मे २०२५ नंतर त्या दुकानात चालत नाहीत. पुलांची चित्रं असलेल्या पन्नास ते पाचशेच्या चालतात. रक्कम किती ते विहीणबाईंना विचारा, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा आकडा जुळलेला बरा. पाकिटावर नाव लिहाच. नंतर कोणी काय दिलं याची यादी करून आभाराची पत्रं जातात.

पैठणी नेसा, आत गरम कपडे घाला. शाकाहारी असाल तर महिनाभर आधी कळवा.

जेवण पाच-सहा तास चालतं, कारण मध्ये भाषणं आणि गाणी असतात. आधी बाप बोलतो, मग आई, आणि वर्षभर गप्प असणारी ही माणसं तिथे उघड रडतात. मला डॅनिश लोक सगळ्यात जास्त आवडतात ते तेव्हाच. तुम्हीही बोला, मराठीत बोला, नात भाषांतर करेल. पण टोस्टमास्टरला (भाषणांचा क्रम सांभाळणाऱ्याला) आधी सांगून नंबर लावा, मध्येच उठू नका, आणि पाच मिनिटांत संपवा. गाणी घरच्याच कोणीतरी रचलेली, ओळखीच्या चालीवर, नातवाची फजिती सांगणारी. कागद हातोहात फिरतात आणि सगळे गातात. आमच्या विहीणबाईंनी एका कडव्यात माझ्या लोणच्याची बरणी घातली होती. शब्द कळले नाहीत तरी कागद समोर धरून तोंड हलवा. शेवटी उभं राहून तीनदा 'हुर्रा' आणि मग एक लांबलचक. पेल्यात पाणी असलं तरी 'स्कोल' (म्हणजे चिअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा.

कन्फर्मेशननंतरचा सोमवार म्हणजे 'ब्लो मॅनडे', निळा सोमवार. वर्गातली पोरं मिळालेले पैसे घेऊन गावात जातात, पुष्कळदा कोपनहेगनच्या टिवोली या करमणूक बागेत, आणि उडवतात. त्या दिवशी 'एफ.डी.त टाक' म्हणून फोन करू नका. मंगळवारी करा.